फॉर्मवरची ती एक ओळ : वॉर्डातल्या डॉक्टर-सिस्टर मंडळींना लॅबमधून खुलं पत्र

वॉर्डातल्या, आयसीयूतल्या, कॅज्युअल्टीतल्या रेसिडेंट डॉक्टरांनो, कन्सल्टंट सर-मॅडम, आणि रात्रपाळीच्या सिस्टर-ब्रदर मंडळींनो,

नमस्कार. मी खालच्या मजल्यावरची मायक्रोबायोलॉजीवाली, म्हणजे तुमच्या सॅम्पलमधले जंतू शोधणारी. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मला कधी पाहिलेलंही नसेल, पण आवाज नक्की ओळखत असाल, कारण पहाटे फोन करून "बाटली पॉझिटिव्ह आलीय, ग्राम निगेटिव्ह बॅसिलाय दिसतायत, पेशंट कसा आहे?" असं विचारणारी, म्हणजे रक्ताच्या बाटलीत जंतू उगवलेत हे कळवणारी, ती मीच. आणि पलीकडून बहुतेक वेळा येतं, "मॅडम, मी आत्ताच ड्युटीवर आलोय, पेशंट माहीत नाही." चालायचंच, मीही रेसिडेन्सी केलीय, झोप न झालेल्या माणसाला पेशंटचं नाव आठवत नाही हे मला ठाऊक आहे.

भांडायला लिहीत नाहीये. म्हणजे थोडं भांडणारच आहे, पण विषय एकच आहे, सॅम्पलबरोबर येणाऱ्या फॉर्मवरचा हिस्टरीचा, म्हणजे पेशंटच्या हकीकतीचा रकाना. परवा आलेल्या फॉर्मचा गठ्ठा मी मुद्दाम बसून वाचला. कुठे "ताप", कुठे "फॉर सी/एस" (कल्चर म्हणजे जंतू उगवून बघणं, सेन्सिटिव्हिटी म्हणजे त्यावर कुठलं औषध चालतं ते बघणं), म्हणजे कल्चरसाठी पाठवलेल्या सॅम्पलची हिस्टरी काय तर कल्चरसाठी, कुठे नुसती तिरकी रेघ, आणि एका फॉर्मवर "ॲज ॲडव्हाइज्ड बाय सर". सरांनी काय ॲडव्हाइज केलं ते सरांना माहीत.

तुमची समजूत अशी दिसते की लॅब म्हणजे एक मशीन, इकडून सॅम्पल टाकला की तिकडून रिपोर्ट पडतो. बायोकेमिस्ट्रीत थोडंफार तसं असेलही (तिथली मंडळी आता माझ्यावर चिडणार), सोडियम म्हणजे सोडियम, पेशंटला काय झालंय ते न कळताही आकडा तोच येतो. आमच्याकडे सॅम्पल आला की पहिला प्रश्न असतो, यातल्या पाहुण्याला खायला काय घालायचं? नेहमीचे यशस्वी कलाकार म्हणजे ई. कोलाय, क्लेबसिएला, स्टॅफ वगैरे, हे ब्लड अगर नि मॅककॉन्की या जंतू उगवायच्या नेहमीच्या प्लेटांवर एका रात्रीत भरभरून उगवतात, त्यांच्यासाठी तुम्ही काही लिहिलं नाही तरी निभावतं. पण घशाच्या स्वॉबमध्ये डिप्थीरिया शोधायचा असेल तर टेल्युराइट घातलेली वेगळी प्लेट लावावी लागते, जुलाबात कॉलरा शोधायचा तर टीसीबीएस नावाची प्लेट, कॅम्पिलोबॅक्टर हवा असेल तर ४२ डिग्री आणि ऑक्सिजन कमी केलेली हवा, लिजिओनेला साध्या प्लेटवर येतच नाही त्याला कोळशाची पूड घातलेलं मीडियम लागतं, गोनोरियाला चॉकलेट अगर आणि वर कार्बन डायऑक्साइड. (चॉकलेट अगरमध्ये चॉकलेट नसतं, तापवून तपकिरी झालेलं रक्त असतं, हे नवीन इंटर्नना दर वर्षी सांगावं लागतं.) आता यातलं काय काय लावायचं हे मी "ताप" या शब्दावरून कसं ठरवू? सगळं लावता येत नाही, आणि लावलं तरी सॅम्पल तेवढा नसतो. मग काय होतं, डिप्थीरियाच्या संशयाचा स्वॉब "थ्रोट स्वॉब, सी/एस" असा येतो, आम्ही नेहमीच्या प्लेटा लावतो, तिसऱ्या दिवशी रिपोर्ट जातो "नॉर्मल थ्रोट फ्लोरा", म्हणजे घशात नेहमी असतात तेच जंतू. शब्द न् शब्द खरा आणि उपयोग शून्य. उपयोग शून्य असता तरी परवडलं असतं, तो वाचून कुणीतरी डिप्थीरिया मनातून काढून टाकतो ही खरी भीती आहे.

यावरून ऑस्ट्रेलियातल्या पर्थची गोष्ट सांगते, तुम्हाला अर्धी माहीत असेल. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन. वॉरन पॅथॉलॉजिस्ट, त्यांना जठराच्या बायोप्सीत नागमोडी जंतू दिसत होते, मार्शलनी ते उगवायचा प्रयत्न सुरू केला. तीसहून जास्त पेशंटच्या बायोप्सी कल्चरला लावल्या, प्रत्येक वेळी काही नाही. का नाही, तर लॅब नेहमीच्या नियमाने दोन दिवसांनी प्लेटा बघून टाकून देत होती, दोन दिवसांत नाही आलं म्हणजे नाही. १९८२ च्या ईस्टरला लांबलचक सुट्टी लागली, प्लेटा इन्क्युबेटरमध्येच राहिल्या, आणि पाचेक दिवसांनी बघतात तर कॉलनी, म्हणजे जंतूंचे ठिपके, आलेल्या. पोटातल्या अल्सरच्या या जंतूला आज आपण हेलिकोबॅक्टर पायलोरी म्हणतो, २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. सगळे ही गोष्ट नशिबाची म्हणून सांगतात. मला मात्र ती वाचताना दर वेळी त्या लॅबमधला माणूसच डोळ्यासमोर येतो, बिचारा नियमाप्रमाणे अगदी चोख काम करत होता. असे दोन दिवसांत टाकून दिले जाणारे मंदगती जंतू आजही आहेत, नोकार्डिया आहे, कित्येक फंगस आहेत, कृत्रिम सांध्यात दडून बसणारा क्युटीबॅक्टेरियम आहे ज्याला दहा-चौदा दिवस द्यावे लागतात. "प्रोस्थेटिक जॉइंट, प्लेटा जास्त दिवस ठेवा" एवढं फॉर्मवर लिहिलंत तर आम्हाला सुट्टीची वाट बघावी लागणार नाही.

आता माझ्या स्वतःच्या बाकावरची एक गोष्ट. कुठल्या हॉस्पिटलातली ते सांगत नाही, मी तेव्हा ज्युनिअर होते. एक ब्लड कल्चर आलं होतं, फॉर्मवर तोच आपला "ताप". चौथ्या दिवशी बाटली पॉझिटिव्ह झाली, स्लाइडवर बारीक बारीक ग्राम निगेटिव्ह कॉकोबॅसिलाय (आखूड, गोलसर जंतू), इतके बारीक की वाळूची कणी सांडल्यासारखे. प्लेटवर दुसऱ्या दिवशी जेमतेम दिसतील अशा कॉलनी. आमचा टेक्निशियन अनुभवी माणूस, जुन्या वळणाचा, त्याने प्लेट उघडून नाकाशी नेली. (वास घेऊन जंतू ओळखायची ही जुनी खोड, स्युडोमोनासचा वास द्राक्षासारखा वगैरे, कृपया कुणीही करू नका.) मग उघड्या बाकावर कॅटालेज केलं, फसफस बुडबुडे, ऑक्सिडेज, युरिएज, जंतू ओळखायच्या या सगळ्या टेस्ट आम्ही तिघांनी मिळून केल्या, डोकी जवळ आणून. युरिएज काही मिनिटांत गुलाबी झालं तेव्हा कुणाच्यातरी डोक्यात प्रकाश पडला. मी वॉर्डात फोन केला, हा पेशंट काय करतो हो? उत्तर आलं, "गुरं सांभाळतो. हो हो, आम्हाला पहिल्या दिवसापासून ब्रुसेला वाटतोयच, केस पेपरवर पहिल्याच पानावर लिहिलंय."

केस पेपरवर. आमच्याकडे केस पेपर येत नाही, आमच्याकडे फॉर्म येतो.

ब्रुसेला म्हणजे गुरांकडून माणसाला लागणारा जंतू, लॅबमध्ये काम करणाऱ्यांना होणाऱ्या इन्फेक्शनमधलं अगदी वरच्या यादीतलं नाव, श्वासातून दहा ते शंभर जंतू आत गेले तरी पुरतात. आम्ही तिघांनी तीन आठवडे डॉक्सीसायक्लीन आणि रिफॅम्पिसिन घेतलं, तीन आठवडे नारिंगी लघवी, आणि पुढचे सहा महिने ठरावीक दिवसांनी आपलंच रक्त आपल्याच लॅबमध्ये तपासायला द्यायचं. कुणाला काही झालं नाही. टेक्निशियनची बायको तेव्हा गरोदर होती, तो घरी काय नि कसं सांगत असेल याचा मी आजही कधीकधी विचार करते. चूक आमचीही होती, हे आधीच मान्य करते, चार दिवसांनी आलेले इतके बारीक कॉकोबॅसिलाय दिसले की फॉर्मवर काही लिहिलेलं असो नसो, बाटली गपचूप सेफ्टी कॅबिनेटमध्ये न्यायची असते. पण "ब्रुसेला?" ही तीन अक्षरं आणि एक प्रश्नचिन्ह लिहायला तीन सेकंद लागतात ना हो.

बरं, हिस्टरी एकवेळ आम्ही फोन करून मिळवू, सॅम्पल मात्र परत मिळत नाही. ब्लड कल्चरवर मी जरा जास्त बोलणार आहे कारण सगळ्यात जास्त जीव त्यावर टांगलेले असतात. मोठ्या माणसाला सेप्सिस (अंगभर भिनलेलं गंभीर इन्फेक्शन) असतानाही रक्तात जंतू किती असतात माहितीये का, बऱ्याचदा एका मिलीत एकसुद्धा नसतो. म्हणजे १० मिलीत चार-पाच सापडले तर सापडले. आणि तुम्ही पाठवता २ मिली, कारण पेशंटची शीर मिळत नव्हती, कारण उरलेलं रक्त सीबीसीला दिलं. मग आम्ही पाच दिवस बाटली ठेवून "नो ग्रोथ" लिहितो आणि तुम्ही म्हणता लॅबचं कल्चर काही कामाचं नाही. मोठ्या माणसाच्या एका बाटलीत ८ ते १० मिली रक्त हवं, आणि दोन वेगवेगळ्या जागांहून दोन सेट हवेत, एक सेट म्हणजे दोन बाटल्या. एका सेटमध्ये रक्तातलं इन्फेक्शन साधारण चारातल्या तीन जणांचं पकडलं जातं, दोन सेटमध्ये दहातल्या नऊ जणांचं. दुसरा सेट म्हणजे लॅबचे लाड नव्हेत.

दुसऱ्या सेटचा आणखी एक फायदा जो कुणी लक्षातच घेत नाही. चामडीवर राहणारा कोॲग्युलेज निगेटिव्ह स्टॅफ, चारपैकी एकाच बाटलीत आला तर बहुतेक सुईबरोबर आत गेलेला, चारही बाटल्यांत आला आणि पेशंटला सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) आहे तर तोच गुन्हेगार असू शकतो. एकच बाटली पाठवलीत तर हे मी सांगू कशी? मग तुम्ही घाबरून व्हॅन्कोमायसिन सुरू करता, ते चालतं आठवडाभर, किडनी बिघडते, आणि मुळात तो जंतू पेशंटचा नव्हताच, कातडीवरचा होता. हे टाळायला क्लोरहेक्सिडीन-अल्कोहोल लावून ते वाळू द्या. वाळू द्या म्हणजे अर्धा मिनिट हात बांधून उभं राहा, फुंकर मारू नका, कापसाने पुसून घेऊ नका. बाटलीचं प्लास्टिकचं टोपण काढलं की खालचं रबर निर्जंतुक असतं असा एक गोड गैरसमज आहे, ते रबरही अल्कोहोलने पुसायचं. आठ दिवस जुन्या लाइनमधून सोयीसाठी रक्त ओढायचं नाही, आणि बाटल्या फ्रिजमध्ये कधीच ठेवायच्या नाहीत. अँटिबायोटिकच्या आधी रक्त काढा हे तर सगळ्यांना पाठ आहेच, पण म्हणून शॉकमधल्या पेशंटचा पहिला डोस कल्चरसाठी अडवून ठेवू नका, असंही एकदा बघितलंय मी. आधी डोस गेला असेल तर तसं फॉर्मवर लिहा, म्हणजे नो ग्रोथचा अर्थ लावताना आम्ही दोघंही फसणार नाही.

लघवीचं पटकन सांगते. कॅथेटरच्या पिशवीतली लघवी हा सॅम्पल नाही, ती पिशवी म्हणजे दोन दिवस चाललेलं कल्चरच आहे, कॅथेटरच्या नळीवरच्या पोर्टमधून सुईने घ्या. आणि दोन तासांत खाली पाठवा, नाही जमलं तर फ्रिजमध्ये ठेवा. ई. कोलायला हवी तशी ऊब मिळाली तर तो वीस मिनिटांत दुप्पट होतो, म्हणजे हजाराचे सव्वा लाख व्हायला अडीच तासही लागत नाहीत. एडवर्ड कास यांनी १९५६ साली मांडलेला एका मिलीला एक लाख जंतू म्हणजे इन्फेक्शन हा आकडा आपण सगळे अजून वापरतो, आणि नर्सिंग स्टेशनच्या टेबलावर सकाळपासून उन्हात बसलेली लघवी तो आकडा स्वतःच्या कर्तृत्वावर गाठते. मग पेशंटला काही त्रास नसताना अँटिबायोटिकचा कोर्स. त्रास नसेल तर मुळात लघवी पाठवलीच का, हा माझा वेगळा जुना रडगाण्याचा विषय आहे, गरोदर बाई किंवा लघवीच्या मार्गाचं ऑपरेशन असेल तर गोष्ट वेगळी.

थुंकी आली तर आम्ही आधी स्लाइड बघतो, लो पॉवरला एका फील्डमध्ये तोंडातल्या चपट्या पेशी दहापेक्षा जास्त दिसल्या की ती लाळ, छातीतलं त्यात काही नाही. अशी परत पाठवली की वॉर्डातून फोन येतो, "मॅडम रिजेक्ट का केला, पेशंट किती आजारी आहे." पेशंट आजारी आहे म्हणूनच रिजेक्ट केला हो. लाळेतला क्लेबसिएला मी रिपोर्ट केला तर तुम्ही त्याच्यावर औषध द्याल.

पस असेल तर सिरिंजने ओढून पाठवा. स्वॉबच्या बोळ्याला चिकटून येतं किती, मिलीचा दहावा हिस्सा, त्यात ग्राम, कल्चर, टीबी, फंगस सगळं करा म्हणता, आणि ॲनेरोब तर वाटेतच हवा लागून मेलेले असतात. सीएसएफ (पाठीतून काढलेलं पाणी) कल्चरसाठी फ्रिजमध्ये ठेवू नका, मेनिंगोकॉकस आणि हिमोफिलस हे मेंदूज्वराचे जंतू थंडीत टिकत नाहीत, रात्री तीन वाजता काढला तर तीन वाजताच कुणाच्यातरी हाती पाठवा, आम्ही जागेच असतो.

आणि फॉर्मॅलिन. यावर शांतपणे लिहायचं ठरवलं होतं. चार-चार तासांचं ऑपरेशन, मणक्यातून किंवा मेंदूतून काढलेला तुकडा, जो पुन्हा मिळणार नाही, आणि तो येतो फॉर्मॅलिनमध्ये बुडवून. फॉर्मॅलिनमध्ये सगळं मरतं, तेच त्याचं काम आहे. हिस्टोपॅथॉलॉजीला जाणारा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये, आमच्याकडचा निर्जंतुक सलाइनच्या थेंबात, दोन वेगळ्या डब्या. ऑपरेशन थिएटरमधल्या सिस्टरना मी हे कागदावर लिहून भिंतीला चिकटवून आलेय, कागद अजून आहे, त्याच्या खाली उभं राहून मंडळी फॉर्मॅलिन ओततात.

आता तुमच्याकडे पोचलेला रिपोर्ट कसा वाचला जातो त्याबद्दल. "नो ग्रोथ" म्हणजे इन्फेक्शन नाही असं नव्हे. टायफॉइडचंच घ्या, ब्लड कल्चर केलं तरी बरेच निसटतात. टीबीची स्लाइड निगेटिव्ह आली की फाइलवर "टीबी रूल्ड आउट" लिहिलं जातं, अहो, स्लाइडवर दिसायला एका मिलीत पाच ते दहा हजार जंतू लागतात, लिक्विड कल्चरला शंभराच्या आतलेही पुरतात पण निगेटिव्ह म्हणायला ते ४२ दिवस थांबवतं, कारण हा प्राणी दुप्पट व्हायलाच पंधरा-वीस तास घेतो. मधला रस्ता जीन टेस्टचा, दोनेक तासांत टीबी आहे की नाही आणि रिफॅम्पिसिनला रेझिस्टन्स आहे की नाही दोन्ही सांगते, पण तिला मेलेल्या जंतूचा डीएनएही दिसतो, म्हणून उपचार संपत आलेल्या पेशंटला तीच टेस्ट पुन्हा पाठवून "अजून पॉझिटिव्ह कशी?" असा फोन करू नका.

एमआयसीचे आकडे, म्हणजे जंतूची वाढ थांबवायला औषध कमीत कमी किती लागतं ते. हे वाचताना सीनियर मंडळीसुद्धा घसरतात. रिपोर्टवर एका औषधासमोर ०.५ आणि दुसऱ्यासमोर ४ असेल तर ०.५ वालं आठपट चांगलं, असं नसतं. प्रत्येक औषधाची स्वतःची रेषा वेगळी, रक्तात ते किती चढतं, कुठे पोचतं, त्यावरून ती ठरते. एकाचा ४ आरामात सेन्सिटिव्ह असू शकतो आणि दुसऱ्याचा ०.५ अगदी काठावर. दोन औषधांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करायचीच नाही, एस-आय-आर (सेन्सिटिव्ह, मधलं, रेझिस्टंट) बघा आणि इन्फेक्शन कुठे आहे ते बघा. नायट्रोफ्युरँटॉइन लघवीत छान चालतं म्हणून लघवीवरून जंतू रक्तात गेलेल्या पेशंटला देऊन उपयोग नाही. डॅप्टोमायसिनला फुप्फुसातलं सर्फॅक्टंट निकामी करून टाकतं, मग प्लेटवर औषधाभोवती जंतू न उगवलेला झोन कितीही मोठा येऊदे. आणि जे औषध रिपोर्टवर दिसत नाही ते आम्ही विसरलो असं समजू नका, बऱ्याच वेळा ते मुद्दाम झाकलेलं असतं, साध्याने भागत असेल तर भारीतलं दाखवायचं नाही म्हणून, किंवा उपयोगच नाही म्हणून, एन्टेरोकॉकसवर सेफ्ट्रायॅक्झोन का नाही टाकलं असं विचारणारे फोन येतात तेव्हा मी दोन सेकंद गप्प बसते.

मी ही कंजुषी उगाच करत नाही. रेझिस्टंट जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभरात थेट १२ लाख ७० हजार मृत्यू झाले असा अंदाज आहे, आणि तसे जंतू ज्यात सामील होते असे मृत्यू साडेएकोणपन्नास लाख. तुमच्या आयसीयूतल्या ज्या पेशंटच्या रिपोर्टवर खाली सगळीकडे "आर आर आर" असतं ना, तो टाइप करताना आमच्याही बोटांना जड जातं.

ताप आला की सगळी सिरॉलॉजी, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडी-अँटिजेनच्या टेस्ट, एकदम पाठवायची, ही सवय मला सगळ्यात जास्त खटकते. विडाल, डेंग्यू, लेप्टो, स्क्रब, ब्रुसेला, फॉर्मवर टिकमार्कांची रांग. एक हिशोब करून बघा. समजा एक टेस्ट आहे, आजारी असलेल्या शंभरातले ९० पकडते, निरोगी शंभरातले ९५ बरोबर निगेटिव्ह देते, म्हणजे बऱ्यापैकी चांगली. ती अशा हजार जणांवर केली ज्यांच्यात खरोखर तो आजार असलेले दहाच आहेत. दहातले नऊ पकडले. उरलेल्या ९९० निरोगींमधले पाच टक्के म्हणजे पन्नासेक चुकून पॉझिटिव्ह. हातात एकोणसाठ पॉझिटिव्ह रिपोर्ट, त्यात खरे नऊ! टेस्ट तीच, मशीन तेच, पण ज्यांच्यात संशयाला जागा होती अशांनाच निवडून केली असती तर तोच पॉझिटिव्ह भरवशाचा ठरला असता. म्हणजे तुम्ही पेशंटशेजारी उभं राहून लावलेला अंदाज हा माझ्या टेस्टचाच भाग आहे, तो नसेल तर माझा रिपोर्ट अर्धाच आहे. विडाल ही टायफॉइडची १८९६ ची टेस्ट, एकदाच केलेल्या विडालवर किती भिस्त ठेवायची, जुनं इन्फेक्शन, लस, दुसरेच जंतू, कशानेही ती वर जाते. आणि तापाचा कितवा दिवस हे लिहाच लिहा. डेंग्यूचं एनएस१ अँटिजेन सुरुवातीच्या पाचेक दिवसांत सापडतं, आयजीएम अँटिबॉडी साधारण चौथ्या-पाचव्या दिवसापासून वर यायला लागतं, दुसऱ्या दिवशी केलेलं आयजीएम निगेटिव्ह येणारच, त्यात पेशंटचा दोष नाही नि किटचाही नाही.

आता आमच्या बाजूचं. आमचे रिपोर्ट उशिरा येतात, मान्य. "मिक्स्ड ग्रोथ, काइंडली कोरिलेट क्लिनिकली" हे आमचं आवडतं वाक्य, ज्याचा खरा अर्थ "आम्हालाही कळलं नाही, तुम्ही बघा" असा होतो, तेही मान्य. ग्राम स्टेन, म्हणजे स्लाइडवर जंतू रंगवून बघणं, झाल्या झाल्या फोन करायला हवा, तो प्रत्येक वेळी होत नाही. आणि हे फार लागतं, कारण ग्राम स्टेन पाच मिनिटांचं काम आहे. हान्स क्रिश्चन ग्राम यांनी १८८४ साली न्यूमोनियाने गेलेल्या पेशंटच्या फुप्फुसात जंतू नीट दिसावेत म्हणून ही पद्धत काढली, पद्धत अजून कच्ची आहे असंही त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं, आणि आज आमच्याकडे मिनिटांत जंतूचं नाव सांगणारी मास स्पेक्ट्रोमेट्रीची पेटी आहे तरी पहाटे तुमचं औषध बदलायला लावते ती बहुतेक वेळा ती जांभळी-गुलाबी स्लाइडच. ते पेटीवालं मशीनही तुमच्या प्रश्नावाचून अडतं बरं का, शिगेला (रक्ती जुलाबाचा जंतू) आणि ई. कोलाय त्याला वेगळे सांगता येत नाहीत, जुलाबात रक्त आहे हे तुम्ही लिहिलं तर आम्ही पुढच्या टेस्ट लावतो.

म्हणून मागणं एवढंच. निबंध नको, एक ओळ. किती दिवस ताप, संशय कशाचा, कुठलं अँटिबायोटिक कधीपासून, आणि काही वेगळं असेल तर ते, प्रवास, जनावरं, केमो, कृत्रिम व्हॉल्व. "९ दिवस ताप, सांधे दुखतात, गुरं सांभाळतो, सेफ्ट्रायॅक्झोनचे २ डोस झाले, ब्रुसेला?" ही अशी. आणि खाली नाव वाचता येईल असं लिहा आणि मोबाइल नंबर, नुसती सही नको, त्या सहीला फोन लागत नाही. माझ्याकडून कबूल, ज्या फॉर्मवर प्रश्न लिहिलेला असेल त्याचं उत्तर रिपोर्टमध्येही वाक्यात देईन, नुसतं जंतूचं नाव टाकून मोकळी होणार नाही. राउंडला बोलावलंत तर येईनही, गेल्या महिन्यात मेडिसिनच्या एका युनिटने बोलावलं होतं, तीन पेशंटचं अँटिबायोटिक तिथेच उभ्याउभ्या बंद झालं आणि एकाचं वाढवलं.

तुमची,
खालच्या मजल्यावरची मायक्रोबायोलॉजीवाली

ता.क. ब्लड कल्चरच्या बाटलीवर छापलेला बारकोड असतो, तो मशीनला वाचायचा असतो. पेशंटच्या नावाचं स्टिकर कृपया त्याच्यावर चिकटवू नका, शेजारी भरपूर जागा आहे. काल रात्री चार बाटल्यांची स्टिकरं नखाने खरवडत बसले होते.